पाण्याच्या रेणूचे हात आणि आम्ही खोडलेलं रीडिंग



सुरुवात एका कबुलीजबाबाने करतो. फर्स्ट इयरला फिजिक्स लॅबमध्ये अल्ट्रासोनिक इंटरफेरोमीटरचं प्रॅक्टिकल असतं, ते तुम्ही सर्वांनी केलं असेल. एका छोट्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर, तळाशी क्रिस्टल, वर मायक्रोमीटरने सरकणारी धातूची चकती. चकती हळूहळू वर नेली की मीटरची सुई ठराविक अंतराने उसळी मारते. दोन उसळ्यांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. त्यावरून पाण्यातला ध्वनीचा वेग काढायचा आणि जर्नल सही करून घ्यायचं, एवढाच आमचा त्या प्रयोगाशी संबंध.

एप्रिल महिना होता. आपल्याकडचा एप्रिल म्हणजे काय ते सांगायला नको. लाईट गेलेली नव्हती हेच नशीब, पण पंख्याचा वारा अंगाला लागला तरी चटका बसत होता. क्रिस्टल दोन मेगाहर्ट्झचा. वीस उसळ्यांचं अंतर आलं ७.६० मिलिमीटर. हिशोब केला, वेग आला सेकंदाला १५२० मीटर. मॅन्युअलमध्ये छापलेलं उत्तर होतं १४९७. माझा पार्टनर म्हणाला, "तेवीसने चुकलंय रे. सर परत करायला लावतील." मेसची वेळ झाली होती. आम्ही उलटा हिशोब केला, ७.६० खोडून ७.४९ लिहिलं, मधली रीडिंग्ज त्याला शोभतील अशी बसवली आणि उत्तर आणलं १४९८. सही मिळाली. वर "गुड" असा शेरासुद्धा मिळाला.

त्या खोडलेल्या रीडिंगची किंमत मला दोन वर्षांनी कळली. तीही कशी, तर विज्ञान दिनाच्या सेमिनारसाठी "क्ष-किरण वर्णपटशास्त्र आणि पाण्यातील हायड्रोजन बंध" असा भारदस्त विषय माझ्या गळ्यात पडला तेव्हा. विषय वाचून पहिल्यांदा घाम फुटला. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की ही गोष्ट आपल्याच माठातल्या पाण्याची आहे, आणि जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ ज्या पेचात सापडले होते तोच पेच छोट्या प्रमाणात आमच्या जर्नलच्या त्या पानावर होता. म्हणून हा लेख.

चार हातांचा रेणू

पाण्याचा रेणू म्हणजे एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन, हे चौथीच्या पोरालाही ठाऊक आहे. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे हायड्रोजनच्या टोकांवर थोडा धनभार उरतो. हे टोक शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढलं जातं. हाच हायड्रोजन बंध. प्रत्येक रेणू आपल्या दोन हायड्रोजनांनी दोन शेजाऱ्यांना धरू शकतो आणि त्याच्या ऑक्सिजनला आणखी दोन शेजारी धरू शकतात. म्हणजे देणारे दोन हात आणि घेणारे दोन हात, एकूण चार.

बर्फामध्ये हे चारही हात पक्के धरलेले असतात. चार दिशांना चार शेजारी, मध्ये भरपूर मोकळी जागा. म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो. १९३३ मध्ये बर्नाल आणि फाउलर या दोघांनी असं मांडलं की द्रव पाण्यातही हीच चार हातांची रचना बऱ्यापैकी टिकून असते, फक्त थोडी वाकडीतिकडी होते. पुढची सत्तर वर्षं हेच चित्र पाठ्यपुस्तकात राहिलं.

हा बंध किती ताकदीचा? रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे साधारण ४६० किलोज्यूल लागतात. हायड्रोजन बंधाला वीस ते पंचवीस. म्हणजे जवळपास वीसपट कमकुवत. पण या कमकुवत बंधावरच आपला उन्हाळा निभावतो. होस्टेलच्या व्हरांड्यातला माठ बघा. दहा लिटर पाणी ३६ अंशांवरून २४ अंशांवर आणायचं तर सुमारे ५०० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता खेचली जाते, कारण प्रत्येक रेणूला सगळे हात सोडवून बाहेर पडावं लागतं. म्हणजे बाहेरून येणारी उष्णता सोडून दिली, तर माठाच्या अंगातून २०० मिलिलिटर पाणी झिरपून उडालं की बाकीचं दहा लिटर गार. ज्या जिल्ह्यात टँकरची वाट बघत बादल्यांची रांग लावायची सवय लहानपणापासून असते, तिथे हा हिशोब मला फार जवळचा वाटला. पाण्याचे हात सैल असते तर माठ गार झाला नसता आणि तलावही पाऊस संपता संपता आटून गेले असते.

आता याच आकड्यांमधून एक प्रश्न निघतो. शून्य अंशाचा बर्फ वितळायला मोलमागे ६ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याची वाफ करायला ४५. म्हणजे सगळे हात सोडवायला एकूण ५१, आणि वितळताना त्यातले फक्त ६ खर्च होतात. बारा टक्के. यावरून साधा माणूस म्हणेल की बर्फाचं पाणी होताना फार थोडे हात सुटत असणार. बहुतेक सगळे धरलेलेच असणार. हा तर्क लक्षात ठेवा, कारण पुढे भांडण याच्यावरूनच आहे.

आत बघायचं कसं?

रेणू डोळ्यांना दिसत नाहीत. क्ष-किरणांच्या विकिरणावरून एका ऑक्सिजनभोवती दुसरे ऑक्सिजन सरासरी किती अंतरावर आहेत ते कळतं. पण कोणाचा हात कोणाच्या हातात आहे हे त्यातून थेट कळत नाही. लग्नाच्या मांडवात माणसं किती किती अंतरावर बसली आहेत हे वरून मोजलं, तरी कोण कोणाशी बोलतंय हे कसं कळणार? तसंच आहे ते.

इथे वर्णपटशास्त्र कामाला येतं. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा दोन ते तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट. तिने अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनलाच धक्का बसतो. ऑक्सिजनच्या अगदी आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन हलवायचा असेल तर ५३५ ते ५४० इलेक्ट्रॉन व्होल्टचा क्ष-किरण लागतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा वेगळी, त्यामुळे हा किरण नेमका ऑक्सिजनलाच हाक मारतो.

आपल्या बीडजवळची खजाना विहीर ज्यांनी पाहिली असेल त्यांनी पायऱ्या आठवाव्यात. समजा तळाशी एक माणूस उभा आहे आणि त्याला वरच्या एखाद्या रिकाम्या पायरीवर उडी मारायची आहे. पायरी किती उंचीवर आहे तेवढीच ऊर्जा लागणार, कमी नाही की जास्त नाही. आपण क्ष-किरणाची ऊर्जा थोडी थोडी वाढवत जायची आणि कोणत्या ऊर्जेला किती किरण गिळला गेला ते लिहीत जायचं. जो आलेख मिळतो तो म्हणजे शोषण वर्णपट. त्यावरून रिकाम्या पायऱ्या कुठे आणि किती रुंद आहेत ते समजतं.

गंमत अशी, की पाण्याच्या रेणूतल्या या सर्वांत खालच्या रिकाम्या पायऱ्या हायड्रोजनच्या टोकांकडे पसरलेल्या असतात. म्हणजे रेणूच्या देणाऱ्या हातांपाशीच. त्या हाताने शेजाऱ्याला घट्ट धरलं की पायरी ढकलली जाते, वर सरकते. हात मोकळा किंवा सैल असेल तर पायरी खालीच राहते. म्हणून वर्णपटात तीन जागा महत्त्वाच्या. ५३५ इलेक्ट्रॉन व्होल्टजवळचा छोटा उंचवटा, ५३७-५३८ जवळचा मुख्य भाग आणि ५४०-५४१ जवळचा मागचा उंचवटा. बर्फात मागचा उंचवटा जोरदार असतो आणि पुढचा अगदी फिका. पाण्यात उलट, पुढचा उंचवटा स्पष्ट उठून दिसतो आणि मागचा दबलेला. यंत्र एवढंच सांगतं. इथून पुढे माणसं बोलतात.

हे मोजणं सोपं नाही

असा एकाच ऊर्जेचा, हवा तसा बदलता येणारा आणि प्रखर क्ष-किरण मिळवायला सिंक्रोट्रॉन लागतो. इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने वर्तुळाकार फिरवले की वळणावर ते प्रकाश फेकतात. आपल्या देशात हे यंत्र इंदूरला आहे. होळकरांच्या इंदूरला, जिथे आजही रस्त्यावर मराठी कानावर पडते, तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ अशी दोन वलयं आहेत. इंडस-२ चा परीघ १७२.५ मीटर आणि इलेक्ट्रॉनची ऊर्जा अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट. त्यावर मृदू क्ष-किरण शोषणासाठी एक बीमलाईन आहे, तिची कक्षा १०० ते १२०० इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे ऑक्सिजनची ५३५ ची रेषा बरोबर तिच्या टप्प्यात येते.

मग पाणी ठेवा आणि मोजा, असं वाटेल. पण या ऊर्जेचा किरण हवेतून फार लांब जात नाही, म्हणून सगळा मार्ग निर्वात ठेवावा लागतो. आणि निर्वातात द्रव पाणी ठेवलं तर ते उकळून, गोठून नासून जातं. घन पदार्थाचा तुकडा आत ठेवता येतो, पाण्याचा थेंब नाही. त्यावर तीन तोडगे निघाले. पहिला, अतिशय पातळ पडद्याच्या खिडकीआड पाणी ठेवायचं. दुसरा, केसापेक्षाही बारीक धार निर्वातात सोडायची आणि ती फुटायच्या आत तिच्यावर किरण मारायचा.

तिसरा तोडगा आपल्या माणसाच्या नावाचा आहे. १९२८ मध्ये सर सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी साठेक द्रवांमधून प्रकाश पाठवून दाखवलं की काही प्रकाशकण द्रवात थोडी ऊर्जा ठेवून बाहेर पडतात. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन त्याचाच. तेच तत्त्व क्ष-किरणांना लावलं तर? हजारो इलेक्ट्रॉन व्होल्टचा कठीण क्ष-किरण हवेतून, खिडकीतून, पाण्यातून आरामात जातो. त्यातले काही कण ऑक्सिजनजवळ ५३५-५४० इलेक्ट्रॉन व्होल्ट ठेवून जातात. बाहेर आलेल्या कणांना किती तोटा झाला तेवढं मोजलं की तोच वर्णपट मिळतो, निर्वाताची कटकट न करता. याला क्ष-किरण रामन विकिरण म्हणतात. विज्ञान दिनाच्या सेमिनारला माझा विषय निदान इथे तरी बरोबर जुळला!

२००४ चं भांडण

२००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. फिलिप वेर्नेट, अँडर्स निल्सन, लार्स पेटरसन आणि त्यांचे सहकारी. त्यांनी शोषण आणि क्ष-किरण रामन अशा दोन्ही पद्धतींनी पाण्याचा वर्णपट घेतला आणि तो बर्फाच्या आतल्या भागाशी व बर्फाच्या पृष्ठभागाशी ताडून पाहिला. पृष्ठभागावरच्या रेणूंचा एक हात मोकळा असतो. पाण्याचा वर्णपट आतल्या बर्फापेक्षा या पृष्ठभागासारखा दिसला. निष्कर्ष खळबळजनक होता. द्रव पाण्यातल्या बहुतेक रेणूंचे चार नव्हे, दोनच हात घट्ट धरलेले असतात, एक देणारा आणि एक घेणारा. म्हणजे पाणी हे जाळं नसून साखळ्या आणि कडी असावीत, असा अर्थ निघू लागला.

आता मघाचा बारा टक्क्यांचा हिशोब आठवा. बर्फ वितळायला एवढीशी ऊर्जा लागते आणि हे म्हणतात निम्मे हात सुटले? त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या रिचर्ड सायकली यांच्या गटाने बारीक धारेचा प्रयोग करून, वेगवेगळ्या तापमानाला वर्णपट घेऊन उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं, वर्णपटात दिसणारा बदल व्हायला मोलमागे सुमारे दीड किलोकॅलरी, म्हणजे ६ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. एवढ्या ऊर्जेत हात सुटत नाही, फक्त वाकतो, सैल होतो. जुनं चार हातांचं चित्रच पुरेसं आहे.

लक्षात घ्या, दोघांच्या आलेखांत फार मोठा फरक नव्हता. पुढचा उंचवटा दोघांनाही दिसला. फरक होता "हात धरलाय" म्हणजे काय या व्याख्येत. एस.टी.त उभं राहून प्रवास करताना कोणी दांडा मुठीत आवळतो, कोणी दोन बोटं टेकवतो. दोन बोटं टेकवणारा दांडा धरून आहे की नाही? धरलाय म्हणालात तर गाडीतले सगळेच धरून आहेत. नाही म्हणालात तर निम्मे मोकळे. कंडक्टरने मोजलेली माणसं तीच, आकडा मात्र बदलला. वेर्नेट यांच्या गटाने अंतर आणि कोन यांची कडक अट लावली होती. बाकीच्यांनी सैल.

दोन शिखरं

भांडण तिथे मिटलं नाही. २००८ मध्ये सिंक्रोट्रॉनवर उलटा प्रयोग झाला. आतला इलेक्ट्रॉन उडवून लावला की त्याची रिकामी जागा भरायला बाहेरचा इलेक्ट्रॉन खाली येतो आणि क्ष-किरण बाहेर टाकतो. हा उत्सर्जन वर्णपट. त्यात जिथे एक शिखर अपेक्षित होतं तिथे शेजारी शेजारी दोन शिखरं निघाली. एका गटाने सांगितलं, बघा, पाण्यात दोन प्रकारचे रेणू आहेत याचा हा पुरावा. दुसऱ्या गटाने सांगितलं, थांबा. आतली जागा भरायला चार फेम्टोसेकंद लागतात. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्ष-अब्जावा भाग. एवढ्या वेळात हलका हायड्रोजन जागचा सरकू शकतो. म्हणजे दुसरं शिखर पाण्याचं नसून आपण मारलेल्या क्ष-किरणाने केलेल्या गडबडीचं असेल. त्यांच्याकडे एक चांगली खूण होती. साध्या पाण्याऐवजी जड पाणी घेतलं की दोन शिखरांचं प्रमाण बदलत होतं. जड हायड्रोजन दुप्पट जड, म्हणून हळू सरकतो. निव्वळ दोन प्रकारच्या रचनेमुळे शिखरं असती तर वजनाने एवढा फरक का पडावा?

इथे मला आपल्याकडच्या पंचमीचा फेर आठवला. बायका हात धरून गोल फिरतात. कॅमेऱ्याने एका क्षणाचा फोटो घेतला तर एखादीचा उजवा हात ताणलेला आणि डावा सैल दिसेल. दुसऱ्या क्षणी उलट. फोटो पाहून कोणी म्हणालं की हिचा एकच हात धरलेला आहे, तर ते त्या क्षणापुरतं खरंच आहे. आणि दिवसभर बघत बसलेली आजी म्हणाली की दोन्ही हात सारखेच धरलेले होते, तर तिचंही खरं. २०१३ मध्ये थॉमस क्यूने आणि रुस्तम खालिउलिन यांनी संगणकावर पाण्याचं अनुकरण करून जवळपास हेच दाखवलं. कोणत्याही क्षणी रेणूचा एक बंध घट्ट आणि दुसरा सैल असतो, पण हा भेद फार अल्पकाळ टिकतो आणि सरासरीत चार हातांची सममिती परत मिळते. क्ष-किरण शोषण इतकं झटपट होतं की त्याला क्षणाचा फोटोच दिसतो.

आणि दोन शिखरांचं काय? त्याचा निकाल लागायला २०२४ उजाडलं. अॅटोसेकंद म्हणजे फेम्टोसेकंदाचाही हजारावा भाग. इतके छोटे प्रकाशस्पंद तयार करण्याच्या तंत्राला २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, हे तुम्ही वाचलं असेल. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेझरवर लिंडा यंग आणि सहकाऱ्यांनी पाण्याच्या पातळ पडद्यावर एकापाठोपाठ दोन अॅटोसेकंद क्ष-किरण स्पंद मारले. एका फेम्टोसेकंदाच्या आत सगळं मोजून झालं. हायड्रोजनला हलायला वेळच दिला नाही. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता. उत्सर्जनातली ती दोन शिखरं हालचालीमुळे आहेत, खोलीच्या तापमानाच्या पाण्यात दोन वेगळ्या रचना असल्याचा तो पुरावा नाही.

याचा अर्थ निल्सन हरले असा मात्र घेऊ नका. पाणी उणे ६८ अंशांपर्यंत नेऊन, ते गोठायच्या आत क्ष-किरण लेझरने मोजायचं काम याच निल्सन यांच्या गटाने कोरियात केलं. तिथे जड आणि हलकं असे पाण्याचे दोन द्रव प्रकार एकमेकांत बदलत असल्याचा पुरावा २०२० मध्ये त्यांनी दिला. म्हणजे दोन प्रकारच्या पाण्याची कल्पना पार टाकाऊ नव्हती. तिची जागा आपल्या ग्लासात नव्हती, एवढंच.

या सगळ्यात गणिताची बाजू आपल्या पुण्यातही होती. पुणे विद्यापीठात प्रा. श्रीधर गद्रे यांच्या गटाने मोठ्या रेणूसमूहाचे कापडासारखे तुकडे कापून, प्रत्येक तुकड्याचं क्वांटम गणित करून ते पुन्हा शिवण्याची "मॉलिक्युलर टेलरिंग" पद्धत विकसित केली आणि पाण्याच्या रेणूपुंजांवरही ती वापरली. नावच शिंप्याचं! वर्णपटाच्या आलेखाला अर्थ येतो तो अशा गणितांमुळे. नुसता उंचवटा पाहून कोणीच बंध मोजू शकत नाही.

परत आमच्या जर्नलकडे

आता १५२० मीटरचं कोडं. सेमिनारसाठी वाचताना एक तक्ता समोर आला. पाण्यातला ध्वनीचा वेग २५ अंशांना १४९७ मीटर, आणि ३५ अंशांना १५२०. मी तो आकडा तीन वेळा वाचला. आमच्या मॅन्युअलमधली किंमत २५ अंशांची होती. एप्रिलमधली आमची लॅब काही २५ अंशांवर नव्हती. आमचं रीडिंग चुकलं नव्हतं. ते बरोबर होतं, आणि बऱ्यापैकी काटेकोर होतं.

यापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. बहुतेक द्रव तापवले की त्यांच्यातला ध्वनीचा वेग कमी होतो. पाण्यात तो वाढतो, आणि तो ७४ अंशांपर्यंत वाढतच राहतो. कारण तेच, हायड्रोजन बंध. गार पाण्यात चार हातांची मोकळी रचना जास्त असते, ती दाबली तर दबते. तापवलं की ती मोडत जाते, रेणू दाटीने बसतात आणि ४६ अंशांपर्यंत पाणी उलट कमी दबणारं होत जातं. जे कमी दबतं त्यात ध्वनी वेगाने जातो. पुढे हा परिणाम ओसरतो आणि पाणी इतर द्रवांसारखं वागायला लागतं. म्हणजे ज्या हातांसाठी लोकांनी सिंक्रोट्रॉन बांधले, त्यांची खूण आमच्या मायक्रोमीटरवर ०.११ मिलिमीटरच्या फरकाने उमटली होती. आणि आम्ही ती खोडरबराने पुसली, कारण मेसमध्ये भाकरी गार होत होती.

बरं, आमच्या मापनात आणि अर्थात नेमकं काय घडलं ते पहा. मापन होतं ७.६० मिलिमीटर. अर्थ होता "आपण चुकलो". आम्ही अर्थ पक्का धरला आणि मापन बदललं. वेर्नेट आणि सायकली यांचं भांडण वीस वर्षं चाललं, पण दोघांपैकी कोणी आलेख बदलला नाही. आलेख तसाच टेबलावर ठेवला आणि अर्थावर भांडले. म्हणूनच २०२४ मध्ये तिसऱ्या कोणाला तरी तो निकाली काढता आला. त्यांनी "पुस्तकात चार हात आहेत ना, मग पुढचा उंचवटा थोडा घासून टाकू" असं केलं असतं, तर आज निकाल लावायला काही शिल्लकच नसतं.

आपण इंजिनिअर होणार. उद्या धरणाच्या भिंतीतली गळती, पुलाच्या काँक्रीटची ताकद, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान आपल्या वहीत लिहिलं जाणार. तिथे रीडिंग "बसवायची" सवय घेऊन गेलो तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून फर्स्ट इयरच्या मित्रांना एक विनंती, आणि लॅबमधल्या सरांनाही. या प्रयोगाच्या तक्त्यात पाण्याच्या तापमानाचा एक रकाना वाढवा. एक साधा थर्मामीटर पुरतो. जानेवारीच्या बॅचचं आणि एप्रिलच्या बॅचचं उत्तर एकाच आलेखावर मांडा, माठातल्या गार पाण्यावरही एकदा घेऊन पहा. रेघ वर चढताना दिसेल. सिंक्रोट्रॉन आपल्याकडे नाही, पण पाण्याचे हात सैल होताना पाहायला तेवढं पुरेसं आहे.

माझं ते जर्नल अजून माझ्या पेटीत आहे. "गुड" शेऱ्याच्या पानावर खोडलेला ७.६० उजेडात धरला की अजून पुसट दिसतो. परवा त्याच्या शेजारी मी पेनाने लिहिलं, "खोली साधारण ३५ अंश. हेच बरोबर." पार्टनरलाही दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मग आता व्हायवा परत देऊ या का रे?"